तुला डेंग्यू झाला होता

वैशू,

अमरधाम स्मशानभूमीत तुझ्या ढोल पथकातला एक पोरगा माझ्याजवळ आला. हात मागे, मान खाली. अगदी हळू आवाजात म्हणाला, "आत्या, म्हणजे... कसं केलं तिने?" मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तिने काही केलं नाही रे. डास चावला. डेंग्यू झाला होता तिला." त्याने मान हलवली. फार समजूतदारपणे हलवली. घरचे झाकतायत, झाकू द्यावं, अशी ती मान होती.

तेव्हापासून मी हेच एक वाक्य सांगत फिरते आहे. एसटीच्या डेपोत सांगितलं, गल्लीत सांगितलं, फुलबाजारात सांगितलं. एखादी तरणीताठी पोरगी डेंग्यूने जाते याचं नाशकात कुणाला नवल वाटायला नको, पावसाळ्यात कुणी ना कुणी जातंच. पण तुझ्या बाबतीत ते कुणाला पटत नाही. तू म्हणजे 'ती, डोक्याची ट्रीटमेंट चालू असलेली'. तू दुसऱ्या कशाने जाऊच शकत नाहीस. तुझ्या बापाने, माझ्या दादाने, तुझ्या रक्ताच्या रिपोर्टची फाईल दारातल्या खुर्चीवर ठेवून दिली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. मी ती उचलून कपाटात कोंबली.

तुझ्या मैत्रिणींनी स्टेटस ठेवले. मागे काळा रंग, पुढे तुझा फोटो, तोही गोळ्यांनी तू जाड व्हायच्या आधीचा. खाली लिहिलेलं, 'बोलत जा रे, माझा इनबॉक्स कायम उघडा आहे.' दुसरीचं, 'हसऱ्या चेहऱ्यामागचं दुःख ओळखा.' अगं, तू गेलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यामागे दुःख नव्हतं, ताप होता. तू तर या वर्षी आपल्या शेतातल्या दसऱ्याच्या झेंडूच्या पैशातून स्कूटी घ्यायची म्हणून दादाच्या मागे भुणभुण लावली होतीस. हे कुणी स्टेटसला ठेवलं नाही.

मी पडले एसटीची कंडक्टर. पासवाली पोरंपोरी दिवसभर माझ्या गाडीत चढतात-उतरतात, त्यांची भाषा मला चांगली येते. पेपर अवघड गेला की डिप्रेशन. कुणी मेसेजला उत्तर दिलं नाही की अँक्झायटी. सकाळी खूश आणि दुपारी नाराज, की 'मी तर बायपोलर आहे यार'. आमच्या वेळी या सगळ्याला एकच शब्द होता, वेडी. त्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला समजावत आले. पण तुला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आवाज ऐकू यायला लागले, वर्गातली पोरं फळ्याआडून तुझं नाव घेतात असं वाटायला लागलं, आणि डॉक्टर मॅडमनी तुझ्या दुखण्याचं नाव स्किझोफ्रेनिया असं सांगितलं, तेव्हा मला कळलं की या पोरांनीही उतरंड लावून ठेवली आहे. वरची मडकी मिरवायची. तळातलं मडकं कुणी बघायचं नाही.

"आत्या, आपण बाहेर डिप्रेशन सांगू या का? ते लोकांना समजतं," असं मला सिद्धी म्हणाली होती. सिद्धी, तुझी शाळेपासूनची मैत्रीण, आपल्या घरात चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरणारी. तिचा हेतू वाईट नव्हता. तू आतल्या खोलीतून ऐकलंस आणि ओरडून म्हणालीस, "मग डायबेटिसच सांगा ना, तो तर अजून समजतो." सिद्धी हसली. मी पण हसले. तू मात्र बराच वेळ बाहेर आली नाहीस.

औषधं लागू पडली. वर्ष गेलं, पण लागू पडली. आवाज गेले, हाताची थरथर होती तीही मॅडमनी गोळी बदलल्यावर गेली. उरला तो एक प्रश्न. तू जोरात हसलीस की, "गोळी घेतलीस का?" चिडलीस की, "गोळी घेतलीस का?" वरणात मीठ कमी आहे म्हणालीस तरी घरातलं कुणीतरी विचारायचंच. एकदा तू चुलतभावाला म्हणालीस, "तू काल मॅच हरल्यावर रिमोट फेकलास, तू घेतली होतीस का?" त्याला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. मी पदर तोंडाला लावून हसले होते, आठवतं?

आणि या वर्षी पथकाच्या पहिल्या सरावाला तू जे केलंस, ते मला कधीच जमलं नसतं. गंगापूर रोडच्या त्या मैदानावर, सगळे गोल करून बसलेले असताना, तू उभी राहिलीस आणि सांगितलंस. मला स्किझोफ्रेनिया आहे. औषध चालू आहे. मी दोन वर्षं आले नाही ती त्यामुळे. आता मी ठीक आहे आणि मला ढोल वाजवायचा आहे. घरी येऊन तू मला सगळं पुन्हा करून दाखवलंस, उभं राहून, गळा साफ करून. "आणि मग?" मी विचारलं. "मग काय, टाळ्या. आत्या, कित्ती टाळ्या. पथकप्रमुख ओंकार म्हणाला, वैशू, तू खूप ब्रेव्ह आहेस." तुझा चेहरा असा फुलला होता की मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुझ्या कमरेला ढोल बांधला नाही. ओंकार म्हणाला, एवढा आवाज तुला ट्रिगर करेल, आम्हाला तुझी काळजी वाटते. तू म्हणालीस, डॉक्टरांना विचारलंय, चालतं. तो म्हणाला, तरी पण रिस्क नको. मग ध्वज तरी दे म्हणालीस, तर ध्वज नाचवताना गर्दी होते म्हणे, गर्दीत तुला काही झालं तर. शेवटी तुला 'व्यवस्था' दिली. म्हणजे बाकीचे वाजवणार आणि तू मैदानाच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या पिंपांजवळ उभी राहून त्यांना पाणी देणार. त्या पिंपांभोवती कायम चिखल. तुला कुठला डास कुठे चावला ते कुणालाच सांगता येणार नाही, आपल्या शेतातल्या टाकीवरचाही असेल. पण मी मनाशी तो मैदानावरचाच ठरवला आहे. मला तसंच ठरवायचं आहे.

त्यावरून आपलं जे भांडण झालं ते अर्धंच राहिलं. पडवीत बसून आपण शेवंती निवडत होतो. मी म्हटलं, "सोड ते पथक. ज्यांना तू नकोस त्यांना पाणी कसलं पाजतेस?" तू म्हणालीस, "ते वाईट नाहीत गं आत्या. त्यांना माझी भीती वाटते." मी म्हटलं, "मग तसं तोंडावर सांगावं. भीती वाटते म्हणावं. काळजी वाटते कशाला म्हणायचं?" तू एका फुलाचं देठ खुडलंस. मग म्हणालीस, "भीती वाटते म्हणायला त्यांना लाज वाटते. मला पण माझी भीती वाटायची की. घाबरलेल्यावर रागवून काय मिळतं? सवय झाली की देतील ढोल." मी क्रेट जोरात आपटला आणि म्हणाले, "तू ना, अति चांगली आहेस. जरा चिडत जा." तू म्हणालीस, "चिडायची सोय आहे का मला?" आणि हसलीस. मी पुढचा क्रेट ओढला.

तुझं हे घाबरलेल्यांना समजून घेणं मला नेहमीच पटलं असं नाही, पण एकदा ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तू सुट्टीत माझ्याबरोबर सुरगाण्याच्या गाडीला आली होतीस, कंटाळा आला म्हणून. दिंडोरीला एक माणूस चढला. केस वाढलेले, स्वतःशीच बोलत होता, मध्येच हातवारे. मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरांनी मोबाईल काढले. पुढची पोरगी ओढणी नाकाला लावून उठली आणि दांड्याला धरून उभी राहिली, उभी राहून वणीपर्यंत जायला तयार, पण त्याच्याशेजारी नाही. तू माझी सीट सोडून त्याच्याजवळ जाऊन बसलीस. म्हणालीस, "काका, कुठं उतरायचंय?" त्याने बरोबर फाट्याचं नाव सांगितलं. मग तुम्ही दोघं पावसापाण्याचं बोलत बसलात, म्हणजे तो त्याचं काहीतरी बोलत होता आणि तू हं, हं करत होतीस. मोबाईल एकेक करून खिशात गेले. फाटा आला तसा तो उठला आणि तुला म्हणाला, "पोरी, लय गुणाची हाय तू." वैशू, तेव्हा मला इतका अभिमान वाटला होता की मी बेल मारायची विसरले. हे तुला सांगायचं राहिलं. म्हटलं, पोरीला कशाला उगाच डोक्यावर चढवा.

आता शेवटच्या दिवसाचं. मला ते लिहायचं नव्हतं, पण ते सोडून बाकी सगळं लिहिण्यात काय अर्थ आहे.

ताप येऊन काही दिवस झाले होते. त्या सकाळी तो उतरला. आपण सगळे खूश. तू चहाबरोबर टोस्ट खाल्लास. मी ड्युटीला गेले, सुरगाण्याची गाडी रात्रीच्या मुक्कामाची नव्हती, त्याच दिवशी परतीची होती. दादा शेतात. वहिनी, तुझी आई, रक्ताचा रिपोर्ट आणायला गावात गेली आणि तुझ्याजवळ सिद्धी बसली. नारळपाणी घेऊन आली होती बिचारी. दुपारी तू तिला म्हणालीस, पोटात दुखतंय. कसंतरी होतंय. जीव घाबरतोय, एका जागी बसवत नाही. हे मला तिनेच नंतर सांगितलं, तुझ्या शब्दांत, जसंच्या तसं.

सिद्धीने मोबाईलवर एक कोर्स केला आहे, मनाच्या आजारात प्रथमोपचार कसे करायचे त्याचा. तुझ्यासाठीच केला होता, हेही खरं. तिने तुला सरळ बसवलं. हात हातात घेतले. श्वास आत, श्वास बाहेर. मग म्हणाली, तुला दिसणाऱ्या पाच वस्तू सांग. तू सांगितल्यास. पंखा, कॅलेंडर, खिडकी, नारळ, सिद्धी. मग ऐकू येणारे आवाज सांग. तू तेही सांगितलेस. तू कायमची गुणी, कुणी काही करायला सांगितलं की करणारी. मग परत म्हणालीस, पोट दुखतंय. ती म्हणाली, पॅनिकमध्ये तसं वाटतं, तू फक्त श्वासाकडे लक्ष दे. वहिनीला फोन करून सांगितलं, काकू, घाई करू नका, मला हे हँडल करता येतं.

मला सुरगाण्याच्या स्टँडवर तिचा मेसेज आला. 'आत्या, वैशूला पॅनिक अ‍ॅटॅक आला होता. आता शांत झाली आहे. झोपलीये.' मी चहा पीत होते. ड्रायव्हरला म्हटलं, बघा, कशा मैत्रिणी असतात. खरंच म्हटलं तसं.

मी घरी आले तेव्हा तुझे हातपाय गार होते. दादाने गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये त्या तरण्या डॉक्टरने जीव तोडून केलं, त्याला मी बोल लावणार नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "ताप उतरतो तेव्हाच सांभाळायचं असतं. पोटात दुखणं, अस्वस्थ होणं, ही डेंग्यू बिघडल्याची खूण असते. तेव्हाच आणायला हवं होतं." तो हे फक्त मला म्हणाला. दादा पाणी आणायला गेला होता. सकाळ होता होता तू गेलीस. डॉक्टरचं ते बोलणं मी अजून दादाला सांगितलेलं नाही.

तेराव्याला संध्याकाळी पथक आलं. आपल्या अंगणात तुला मानवंदना द्यायची म्हणून. दादाने आनंदाने हो म्हटलं होतं, झाडून घेतलं होतं, स्वतः सडा मारला होता. "पोरं येतायत, तिला बरं वाटंल," म्हणाला. सगळी पांढऱ्या कुर्त्यांत आली. छातीवर हिरव्या फिती, मानसिक आरोग्याच्या म्हणे. मध्ये एक ढोल जमिनीवर ठेवला आणि आपल्याच शेतातल्या झेंडूचा हार त्याला घातला. मी विचारलं, हा कुणाचा? तर म्हणे, वैशूचा. ज्या ढोलाला तुला हात लावू दिला नाही तो आता तुझा झाला. आणि मग दोघांनी फलक उलगडला. 'मौन तोडा, मन जोडा. नैराश्याविरुद्ध आमचा आवाज. वैष्णवीला मानवंदना.'

मी सरळ ओंकारपुढे जाऊन उभी राहिले. "हे गुंडाळ."

"आत्या, अवेअरनेस म्हणून..."

"तिला नैराश्य नव्हतं. स्किझोफ्रेनिया होता, तिने तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. मौन तिने तोडलं होतं, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आणि ती त्याने गेली नाही. डेंग्यूने गेली. तुझ्या या फलकावर तिच्या नावाशिवाय एक तरी गोष्ट खरी आहे का?"

ओंकार वाईट पोरगा नाही, त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "पण समाजात मेसेज जायला पाहिजे ना आत्या."

"मेसेज द्यायचाय? मग लिही, घराभोवती पाणी साठू देऊ नका."

दादा मागून येऊन माझा दंड धरून म्हणाला, "सुमन, लय झालं आता. पोरं हायेत." त्यांनी फलक गुंडाळला. फिती मात्र राहिल्या. मग त्यांनी वाजवलं, आणि वैशू, वाजवलं फार छान. खोटं कशाला बोलू. ओट्यावरची भांडी थरथरली, दादा खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला, इतके दिवस रडला नव्हता. तेवढ्यासाठी मी त्यांची आभारी आहे. पण मी त्या रांगेत तुझी जागा शोधत होते आणि माझी नजर सारखी पाण्याच्या टाकीकडे जात होती.

वादन झाल्यावर मी मागे गेले, शेवंतीच्या वाफ्याकडे. सिद्धी पाठोपाठ आली. तिने फीत काढून मुठीत धरली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "आत्या, एक विचारू? तुम्ही म्हणालात डेंग्यूने गेली. मग त्या दिवशी दुपारी तिला... ते पॅनिकच होतं ना?"

तू असतीस तर पटकन 'हो' म्हणाली असतीस. मला माहीत आहे. सिद्धी आहे, घाबरली आहे, तिला आयुष्य काढायचं आहे, म्हणून तू स्वतःच्या डोक्यावर आणखी एक झटका मुकाट्याने घेतला असतास. आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं. पोरगी तुझ्याच वयाची. तिने तुझे हात धरले होते. त्या दुपारी तुझ्याजवळ तीच होती, आम्ही कुणी नव्हतो. एक शब्द बोलायचा, आणि ती रात्री झोपली असती.

पण तो एक शब्द म्हणजे पुन्हा तेच. पोट दुखतंय म्हणून तू सांगत होतीस, आणि पुन्हा सगळ्यांनी म्हणायचं की नाही, तुझं डोकं दुखत होतं.

मी म्हणाले, "नाही. तो डेंग्यूच होता. ती तुला सांगत होती."

ती वाफ्याच्या बांधावर बसली. मी तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला, ती रडायची थांबेपर्यंत ठेवला. पण बोललेलं मागे घेतलं नाही. आज सकाळी ती आली होती, यावेळी चपला बाहेर काढल्या. वहिनीला भाजी निवडू लागली. पुढे काय होईल मला माहीत नाही.

तू माझ्यावर चिडली असशील. कशाला सांगितलंस म्हणून, पोरीला उगाच आयुष्यभराचा घोर लावलास म्हणून. चीड, वैशू. मनसोक्त चीड, भांडी आपट. आता तुला कुणी विचारणार नाही, गोळी घेतलीस का.

तुझी,
आत्या